माझ्या वाटची आंबिल

मी जे लिहितेय ते माझ्या डोळ्यांसमोर घडलंय, आणि अजून संपलेलं नाही. तलावाचं नाव तेवढं बदललंय. तिथली माणसं साधी आहेत, त्यांच्या दारात रिकामटेकड्यांच्या गाड्या लागाव्यात असं मला वाटत नाही. ज्यांना हे खोटं वाटेल त्यांनी खुशाल हसावं.

पण जेवता जेवता वाचत असाल तर आधी हात धुऊन या.

तारीख ११ जानेवारी २०२४. गुरुवार. वेळ अमावस्या.

बाहेरच्या लोकांसाठी थोडं सांगते. आमच्या धाराशिव-लातूरकडं या दिवशी गावं ओस पडतात. सगळे शेतात. आम्ही हिला येळवस म्हणतो. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून खोपटासारखी कोपी करायची, आत पांडव म्हणून पाच दगड चुन्यानं रंगवून मांडायचे. मग हिरव्या दाण्यांची आणि पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, खीर आणि मडकंभर आंबिल, म्हणजे ताकात ज्वारीचं पीठ आंबवून केलेली. वाटेनं जाणारा ओळखीचा असो नसो, त्याला हाक मारून बसवायचं. त्यानंही नको म्हणायचं नसतं. आणि जेवून उठताना त्यानं म्हणायचं, "आता तुम्ही आमच्याकडं या."

सगळेच म्हणतात. मनात असो नसो, तोंडातून आपोआप निघतं.

मी अर्पिता. धाराशिवला एका शाळेत शिकवते. मला किळस लवकर येते, हे आधीच कबूल करते. दुसऱ्याच्या पेल्यानं मी पाणी पीत नाही. ताटात केस निघाला तर दोन दिवस मला ते ताट नको असतं. शाळेत मुलांना खिचडी वाढण्याआधी शिक्षकांनी चाखून बघायची असते. माझी पाळी आली की मी नुसती सही करते. घरात मला 'सोवळी' म्हणतात.

माझा धाकटा भाऊ श्रीनाथ माझ्या अगदी उलट. जमिनीवर पडलेला पेढा फुंकर मारून खाणारा. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता, वजन बहात्तर किलो. वनरक्षक भरतीची तयारी करत होता. रोज पहाटे पळायचा, आल्यावर सहा भाकरी खायचा.

त्या वर्षी आमची येळवस नव्हती. आमचं शेत सास्तूरला. तिथं थोरले काका सहा दिवसांपूर्वी वारले होते. सुतक होतं. शेतात कोपी नाही, घरात कढई नाही.

"आई, निस्ती आंबिल तरी कर की," श्रीनाथ सकाळपासून मागं लागला होता.

"लाज वाटत न्हाय का रं? चुलता जाऊन आठ दिस झालं न्हाईत," आई म्हणाली.

तो फुगून बसला. शाळेला सुट्टी होती. दिवसभर हा घरात माझं डोकं खाणार, त्यापेक्षा याच्याबरोबर चालून येऊ, असं मला वाटलं. त्याला भरतीसाठी चालायचा सराव हवाच होता.

तेरखेड्याच्या पुढं डोंगरात एक तलाव आहे. त्याला आपण बोरदरा म्हणू. त्या भागातल्या पोरांनी तलावाभोवती नऊ किलोमीटरची गोल वाट तयार केलीय. दगडादगडावर चुन्याचे बाण काढलेत. खंडोबाच्या देवळापासून निघायचं, जंगलातून तलावाच्या काठाला लागायचं, मग कड्यावर चढून दोन जागी थांबून खालचं पाणी बघायचं, आणि परत देवळाशी. फार अवघड नाही. दमछाक होते, इतकंच.

आम्ही साडेनऊला गाडी देवळापाशी लावली. ऊन छान पडलं होतं. साग, धावडा, मधेच बोरीची झुडपं. डोंगरावरच्या पवनचक्क्यांची घरघर सतत कानावर होती. तेरखेड्याच्या फटाका कारखान्यांकडून अधूनमधून धडाम आवाज यायचा, कुणीतरी फटाके तपासत असणार. श्रीनाथ हातातलं घड्याळ बघत पुढं, मी धापा टाकत मागं.

"सोवळे, बाटलीतलं पाणी दे की."

"तोंड न लावता पी."

त्यानं मुद्दाम तोंड लावलं. मी ती बाटली पुन्हा घेतली नाही.

तीनेक किलोमीटर झाले असतील. झाडी विरळ झाली, खाली पाणी चमकायला लागलं.

आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं...

घरघर थांबली होती.

मी वर बघितलं. पवनचक्क्यांची पाती फिरत होती. गरागरा फिरत होती. पण आवाज नव्हता. फटाक्यांचा नाही, पाखरांचा नाही. वाळलेल्या पानांवर पडणारं माझंच पाऊल मला ऐकू येत नव्हतं.

"श्रीनाथ, कानात दडे बसलेत का रे तुझ्या?"

त्यानं लक्षच दिलं नाही. तो एका दगडापाशी उभा होता. दगडावर चुन्याचा बाण होता. वाट खरं तर डावीकडं वर चढत होती. बाण उजवीकडं दाखवत होता. खाली, तलावाकडं.

मी बाणाला बोट लावलं.

चुना ओला होता.

त्या साली पाऊस झाला नव्हता. तलाव निम्म्याच्या खाली गेला होता. काठाला लांबपर्यंत गाळ उघडा पडलेला, वर भेगा, खाली काळा चिखल. त्या गाळात, पाण्याच्या अगदी जवळ...

एक कोपी होती.

"ताई, येळवस!" श्रीनाथ ओरडला. बाकी सगळं मुकं होतं, त्याचा आवाज तेवढा ऐकू आला. सकाळपासून पहिल्यांदा तो हसला.

"अरे, सुतक आहे आपल्याला."

"सुतक घरात आहे. इथं कुणाला माहितीय?"

तो उतरायला लागलासुद्धा. मी मागं गेले. मला त्याला अडवता आलं असतं. हात धरून ओढता आलं असतं. पण मलाही भूक लागली होती, खोटं कशाला बोलू?

जवळ गेल्यावर पहिल्यांदा वास आला. आंबिलीचा आंबूस वास आपल्या ओळखीचा असतो. हा तसा होता, पण त्याच्या खाली आणखी एक वास होता. फुलदाणीतलं पाणी महिनाभर बदललं नाही की येतो तो.

कोपीचा कडबा काळा पडला होता. त्यातून थेंब गळत होते. आजूबाजूला पीक नाही, बैल नाही, लेकरं नाहीत. येळवशीच्या दिवशी एकटी कोपी मी कधी बघितली नव्हती.

दारात एक म्हातारी बसली होती. हिरवं लुगडं, अंगाला घट्ट चिकटलेलं.

"या लेकरानो," ती म्हणाली. "येळवशीचं उपाशी जाऊ न्हाय. बसा."

आम्ही आत बसलो. पाच दगड मांडलेले होते. पण ते चुन्यानं रंगवलेले नव्हते. त्यांच्यावर बोटभर शेवाळ होतं. खाली अंथरलेलं पोतं ओलं होतं, माझी सलवार भिजली. मला तेव्हाच उठायला हवं होतं.

तिनं पत्रावळीवर भज्जी वाढली. हातानं वाढली. मी तिचे हात बघितले...

आपण कपड्यांचा मोठा ढीग धुतला की बोटं कशी पांढरी पडतात, सुरकुततात? तशी होती. पण त्याहून जास्त. नखांभोवतीचं कातडं सुटून लोंबत होतं. भज्जीतले हरभरे फुगून बोराएवढे झाले होते, त्यांची सालं निघालेली होती. श्रीनाथ मिटक्या मारत खात होता.

"लई भारी झालीय भज्जी, आजी."

"खा बाबा, खा. लई दिसानं कोण आलंय."

तिनं मडक्यावरचं फडकं काढलं. पळी आत बुडवली, बाहेर काढली, जिभेनं चाटली. पुन्हा तीच पळी आत घातली. पण आपल्याकडच्या म्हाताऱ्या करतात असं, मी स्वतःला समजावलं. तिनं मातीची दोन बोळकी भरली. एक श्रीनाथला दिलं. दुसरं माझ्यापुढं धरलं.

तिचा अंगठा आंबिलीत बुडालेला होता.

मी बोळकं घेतलं. तिनं हात मागं घेतला.

अंगठ्याचं कातडं आत राहिलं.

खोटं सांगत नाही. अख्ख्या अंगठ्याचं. नखासकट. ते पांढऱ्या आंबिलीवर तरंगत होतं आणि हळूहळू फिरत होतं.

मला ओरडता येईना. मी श्रीनाथकडं बघितलं. त्यानं स्वतःचं बोळकं रिकामं केलं होतं. ओठावर पांढरी मिशी.

"घे की लेकी," म्हातारी म्हणाली.

"मला... मला ताक चालत नाही."

"तुज्या वाटचं हाय ते."

आणि मग मी ते केलं, ज्यासाठी मी आजही स्वतःला माफ केलेलं नाही. मी ते बोळकं श्रीनाथच्या हातात दिलं. मला तेवढंच हवं होतं, की ते माझ्या हातात नको. तो ते पिईल हे मला माहीत होतं. माझं नको असलेलं सगळं लहानपणापासून तोच खातो.

मी 'पिऊ नको' म्हणायला पाहिजे होतं. दोन शब्द. तोंड उघडलं तर ओकारी येईल म्हणून मी तोंडच उघडलं नाही.

तो ते एका दमात प्यायला. शेवटी काहीतरी चावलं. गिळलं.

"लई घट्ट झालीय, आजी. साय खाल्ल्यासारखी."

म्हातारी त्याच्याकडं बघत नव्हती. माझ्याकडं बघत होती.

श्रीनाथ उठला, हात झटकले, आणि आपण सगळे म्हणतो तेच म्हणाला.

"आता तुम्ही आमच्याकडं या, आजी. पुढल्या येळवशीला. सास्तूरला आमचं शेत आहे."

"येते की," म्हातारी म्हणाली, आणि हसली. हसताना तिच्या तोंडातून पाणी आलं. हनुवटीवरून, गळ्यावरून, येतच राहिलं.

मी वळून न बघता चालायला लागले. कडा चढून पहिल्या जागेवर पोहोचलो. तिथून सगळा तलाव दिसतो.

मी खाली बघितलं.

कोपी नव्हती.

नुसता गाळ होता. त्या गाळात आमच्या दोघांच्या पावलांची ओळ पाण्यापर्यंत गेलेली आणि परत आलेली दिसत होती. तिसऱ्या कुणाचं पाऊल नव्हतं. ओळ जिथं संपत होती तिथं पाणी होतं. आम्ही ज्या जागी बसलो ती जागा पाण्यात होती.

त्याच क्षणी कानात पवनचक्क्यांची घरघर सुरू झाली. श्रीनाथनं ढेकर दिला.

तो वास... मी त्याच्यापासून चार हात लांब सरकले. सख्ख्या भावापासून.

संध्याकाळी घरी आल्यावर त्याला उलट्या सुरू झाल्या. आई घाबरून शेजारच्यांना बोलवायला गेली, त्यामुळं बादली मला धरावी लागली. पहिल्यांदा पाणी निघालं. हिरवट, दोन-तीन तांबे. मग काळा गाळ. मग शेवाळाच्या लांब दोऱ्या. त्या त्याच्या घशात अडकत होत्या, आणि त्या मला बोटानं ओढून काढाव्या लागल्या. त्यातली एक शेवाळाची नव्हती. तो केस होता. पांढरा, माझ्या हाताएवढा लांब. बादलीच्या तळाशी बारीक गोगलगायी होत्या. त्यातली एक चालत होती.

कातडं नाही निघालं. मी काडीनं सगळं ढवळून बघितलं. ते आतच राहिलं होतं.

डॉक्टर म्हणाले, बाहेरचं खाणं बाधलं. तीन दिवस सलाईन लावलं. सगळे रिपोर्ट चांगले आले.

तिथून त्याचं खाणं सुटलं. भाकरी तोंडात घातली की थुंकायचा. नुसतं पाणी प्यायचा, दिवसाला कळशीभर. बोटं पांढरी पडली आणि सुरकुतली, ती पुन्हा सरळ झाली नाहीत. अंथरूण रोज सकाळी ओलं. घामानं नाही, घामाला तसा वास नसतो. आई गाद्या उन्हात टाकून टाकून बेजार झाली. भरतीचं मैदान आलं तेव्हा तो चोपन्न किलोचा होता. गेलाच नाही.

आणि मी? मी त्याच्या खोलीत नाकाला ओढणी लावून जायची. हे लिहिताना मला माझीच शिसारी येते.

मार्चमध्ये मी त्याला गाडीवर मागं बसवून पुन्हा तिकडं नेलं. देवळाजवळ बलभीम नावाचे एक म्हातारे शेतकरी राहतात. त्यांनी आम्हाला अंगणात बसवलं, तांब्याभर पाणी दिलं. मी सगळं सांगितलं.

"कोपी? त्या गाळात?" ते म्हणाले. "बाई, तिथं म्हस उतरत न्हाय. कोपी कोण घालंल?"

"मग ती म्हातारी कोण, काका?"

"बहात्तरच्या दुष्काळात तळं झालं. म्या तवा न्हानगा व्हतो. तळाला रानं व्हती लोकांची, येवढं ठावं हाय. कुणाची, ते सांगणारी माणसं गेली. पण येळवशीला आमच्या गावातलं कुणी तळ्याकडं तोंड बी करत न्हाय." ते पुढं वाकले. "खाल्लाव का तिथं?"

"ह्यानं खाल्लं. मी नाही."

त्यांनी श्रीनाथच्या बोटांकडं बघितलं. मग अगदी हळू विचारलं...

"उठताना 'या' म्हणलाव का तिला?"

श्रीनाथनं मान हलवली. "म्हणलो की. आपण म्हणतोच की, काका."

म्हातारा ताडकन उठला. श्रीनाथ ज्या तांब्यानं पाणी प्यायला तो तांब्या त्यानं फडक्यात धरून उचलला आणि कुंपणाबाहेर फेकून दिला. चांगला पितळी तांब्या.

"आता ती येणार की वं," एवढंच तो म्हणाला. आम्ही गाडीवर बसेपर्यंत त्यानं आमच्याकडं पाठच केली होती.

३० डिसेंबर २०२४. सोमवार. पुढची वेळ अमावस्या.

मी आईला म्हटलं, यंदा कोपी नको. तिनं ऐकलं नाही. पोरगा असा झालाय तो मागच्या साली पूजा चुकल्यामुळंच, असं तिच्या डोक्यात बसलं होतं. सुतकात खाल्लं हे मी तिला सांगितलेलं नव्हतं.

सास्तूरच्या शेतात तीस-पस्तीस माणसं जमली होती. भर दुपार, ऊन डोक्यावर. हरभरा गुडघ्याएवढा. शेजारच्या रानात कुणीतरी मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावलेली. लेकरं ओरडत होती. श्रीनाथ कोपीच्या सावलीला खुर्चीत, अंगावर घोंगडी. मी भज्जीचं पातेलं घेऊन पंगतीत वाढत होते.

वाढता वाढता मला वाटलं, गाणं थांबलं...

मी मान वर केली. लेकरं पळत होती. त्यांची तोंडं उघडी होती, आणि आवाज नव्हता. आई कुणाशीतरी हसून बोलत होती. नुसते ओठ हलत होते.

मला तो वास आला.

पंगतीच्या शेवटाला हिरवं लुगडं बसलं होतं. कुणीच तिच्याकडं बघत नव्हतं. येळवशीला कोण कुणाचं पाहुणं आहे, हे कोण विचारतं?

मी तिथंच थांबले. पण बाकीची माणसं हात थांबवून वाट बघत होती, आणि आईनं दुरून हातानं खूण केली, वाढ की. मी वाढत वाढत पुढं गेले. वीस पत्रावळ्या. दहा. चार.

तिच्यासमोर वाकले. उजव्या अंगठ्याला कातडं नव्हतं. आतलं पांढरं होतं, माशाच्या पोटासारखं.

"आले बग," ती म्हणाली. तिचा आवाज मात्र मला स्वच्छ ऐकू आला.

मी पळीभर भज्जी वाढली. अर्धी बाहेर सांडली. तिनं ती मातीवरून वेचून खाल्ली. खाताना तोंडातून पाणी पत्रावळीवर पडत होतं, आणि ती ते पाणी कालवून भज्जीबरोबर पुन्हा तोंडात घालत होती. मी बघत राहिले. मान वळवता येत नव्हती.

"माझ्या भावाला सोड," मी म्हटलं. "पाया पडते."

"म्या कुठं धरलंय त्येला?" तिला खरंच नवल वाटल्यासारखं दिसलं. "त्येचं त्यो पिला. तुजं बी त्योच पिला. दोगांचं एकाच्या पोटात कसं मावंल, लेकी?"

तिनं बोटं चाटली.

"तुजं तू पी. तुजं राहिलंय."

ती उठली. लुगड्यातून पाण्याची धार लागली. जाताना मागं वळून, आपण सगळे म्हणतो तेच म्हणाली.

"आता तुमी या."

'तुमी' म्हणाली, पण बोट एकट्या माझ्याकडं होतं.

एकदम गाण्याचा आवाज कानावर आदळला. ती हरभऱ्यातून चालत गेली आणि बांधापाशी दिसेनाशी झाली. तिच्या पत्रावळीखाली ओल होती, आणि ओलीत गोगलगायी. मी त्या चपलेनं चिरडल्या. एकेक. मग कोपीमागं जाऊन पोटातलं सगळं ओकले.

संध्याकाळी आई विचारत होती, "ती शेवटाला बसलेली बाई कुणाकडची गं? पोटभर जेवली बिचारी."

मी म्हटलं, माहीत नाही.

आता डिसेंबर २०२५ आहे. वेळ अमावस्या परवा, शुक्रवारी, १९ तारखेला. श्रीनाथ एकेचाळीस किलोचा आहे. त्याच्या पाठीचं कातडं आंघोळ घालताना टॉवेलला चिकटून येतं. चार डॉक्टर झाले. देवाधर्माचं आईनं काही बाकी ठेवलं नाही. पुढची येळवस तो बघणार नाही, हे मला कुणी सांगायची गरज नाही.

मी जाणार आहे.

तिनं खरं सांगितलं, की मला बोलावून घेण्यासाठी सांगितलं, ते मला कळत नाही. माझं मी प्यायले तर याच्या पोटातलं माझं निघून जाईल का? कुणास ठाऊक. पण ते बोळकं मी त्याच्या हातात दिलं होतं. दुसऱ्या कुणी नाही.

तयारी करतेय. गेले पंधरा दिवस मी श्रीनाथच्या उष्ट्या तांब्यातून पाणी पिते. पहिल्या दिवशी तीनदा ओकले. आता ओकत नाही. काठाला बुळबुळीत लागतं, तरी गिळते. काल शाळेत खिचडी चाखायची पाळी माझी होती. वाटीभर खाल्ली. बरोबरच्या बाई बघतच राहिल्या.

एकाच गोष्टीची भीती होती, की प्यायच्या वेळी पुन्हा माझं तोंड मिटेल. आता आणखी एक आहे.

गेल्या रविवारी मी एकटी जाऊन ती वाट बघून आले. जंगल तेच, चुन्याचे बाण तेच. पण यंदा सप्टेंबरात आमच्याकडं पाऊस कसा कोसळला ते तुम्हाला माहीत आहे. तलाव काठोकाठ भरलाय. गाळ कुठंच उघडा नाही. आम्ही जिथं बसलो होतो, तिथं आता तीन पुरुष पाणी आहे.

कोपी असेल तर खाली असेल.

मी हे घरात कुणाला सांगितलेलं नाही. कुठं जाणार, कधी जाणार, काहीच नाही. श्रीनाथ तर महिनाभर एक शब्द बोललेला नाही.

आज सकाळी मी त्याचं तोंड पुसत होते. त्यानं डोळे उघडले. ओठांच्या कडेनं पाणी आलं. लहानपणी हाक मारायचा तशी त्यानं मला हाक मारली.

"तायडे... चपला काठावर काढून ठेव."